मयताच्या नांवावरचा संसार

आरोंद्याच्या खाडीकांठापासून आंबोलीच्या घाटमाथ्यापर्यंत कोणत्याही वाडींतले सातबाराचे उतारे उघडून पाहा. ज्यांचें वर्षश्राद्ध होऊन कित्येक पावसाळे लोटले, त्यांचीं नांवें अजून खातेदार म्हणून जागच्या जागीं सांपडतील. आजा गेला, बाप गेला, नातू मुंबईस किंवा गोव्यांत चाकरीला लागला. सरकारदप्तरीं मात्र माडाची बाग अजून आजाच राखतो आहे! हा रोग एका तालुक्याचा नाहीं. म्हणूनच महाराष्ट्र सरकारला सन २०२५ मध्यें 'जिवंत सातबारा' नांवाची मोहीम काढावी लागली. ती प्रथम बुलढाणा जिल्ह्यांत झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर चालविली गेली. ज्यांनीं त्या वेळीं अर्ज केले त्यांचें भलें झालें. ज्यांनीं केले नाहींत त्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींसाठीं आजचे हे चार शब्द आहेत.

चोराच्या भीतीनें आपण दाराला कुलूप लावतों, दागिना तांदळाच्या कणगींत लपवितों, रोकड माळ्यावर ठेवतों. पण आमच्या घरांना चोरानें जितकें नागविलें नसेल तितकें घरधन्याच्या मौनानें नागविलें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. कोठें काय ठेवलें, कोणाचें देणें, कोणाकडून येणें, हें सारें एकट्याच्या पोटांत. तो एके दिवशीं आडवा होतो आणि घराची माहिती त्याच्याबरोबर जाते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजाराच्या नोटा बंद झाल्या. त्या बँकेंत भरण्यास ३० डिसेंबरपर्यंतची मुदत होती. कोणासही न सांगतां डब्यांत, उशींत, भिंतीच्या कोनाड्यांत ठेवलेल्या ज्या नोटा त्यानंतर सांपडल्या, त्या रद्दी झालेल्या होत्या. लपविलें म्हणजे राखलें असें होत नाहीं.

कांहीं जण म्हणतात, मरणाची भाषा अभद्र. आणि मृत्युपत्र हें तर श्रीमंतांचें काम. त्यांना आम्ही महात्मा जोतीराव फुले यांचें उदाहरण देतों. पोटचें मूल नव्हतें. पत्नी सावित्रीबाई आणि दत्तक मुलगा यशवंत यांची सोय जोतीरावांनीं १० जुलै १८८७ च्या मृत्युपत्रानें करून ठेविली. पुढच्याच वर्षीं, १८८८ त, त्यांना पक्षाघात झाला व उजवा हात निकामी झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. दुखण्याची वाट पाहिली असती तर सहीचा हात उरला नसता. अंगांत बळ व डोकें शाबूत आहे तोंवरच हें काम करावें, हा धडा आपण घ्यावा.

आतां जमिनीचें पाहूं. घरांतलें माणूस गेलें कीं २१ दिवसांच्या आंत ग्रामपंचायतींत मृत्यूची नोंद करावी. त्या मुदतींत फी पडत नाहीं. दाखल्याच्या चार-पांच प्रती एकदमच घ्याव्या. मग तीन महिन्यांच्या आंत वारसाची वर्दी तलाठ्यास, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, द्यावी, असें जमीन महसूल संहितेचें १४९ वें कलम सांगतें. फेरफार लिहिला जातो, संबंधितांस नोटीस निघते, आणि हरकत नसेल तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो. वर्दी दिल्याची पोंच मागून घ्यावी. ही नोंद म्हणजे मालकीचा शेवटचा निकाल नव्हे. पण तिच्यावांचून सोसायटीचें पीककर्ज, आंबा-काजूचा विमा, पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये, सर्व अडून बसतें. आणि जितका उशीर तितके वारस वाढतात. एका आजाच्या सात मुलांचीं मुलें झालीं म्हणजे एका सहीसाठीं डोंबिवली, पेडणें व बेळगांव असे हेलपाटे घालावे लागतात.

येथेंच आमच्या समाजांतली एक लबाडी उघडी केली पाहिजे. वारसांच्या यादींतून विधवेचें व मुलींचें नांव गाळण्याची चाल अजून गेलेली नाहीं. सन १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें, मृत्युपत्र न करतां पुरुष वारला तर त्याच्या वांट्यांत विधवा, आई, मुलगा व मुलगी सारख्याच हक्काचे आहेत. वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला जन्मानेंच हक्क आहे, हें २००५ च्या दुरुस्तीनें ठरलें व ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें पक्कें केलें. बहिणीला हक्क सोडावयाचा असेल तर तो तिनें आपखुशीनें, नोंदणीकृत हक्कसोडपत्रानें सोडावा. तिच्या वतीनें भावानें परस्पर सोडावयाचा नाहीं. आणि नवऱ्यानें मरेपर्यंत थांबावें तरी कां? शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मी मुक्ती' चळवळीनंतर सरकारनें १९९२ मध्यें, नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचें नांव सहखातेदार म्हणून सातबारावर लावण्याची सोय केली. जी बाई चिखलांत उभी राहून लावणी लावते तिचें नांव उताऱ्यावर नको, हा कोणता न्याय?

आमच्या गांवाला आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. तेरेखोलच्या खाडीपलीकडे किरणपाणीला पाऊल टाकलें कीं वारशाचा कायदा बदलतो. गोव्यांत पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणें, लग्नाच्या वेळीं वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मिळकत निम्मी-निम्मी असते, आणि मुलांना अर्ध्या वारशापासून मृत्युपत्रानेंही तोडतां येत नाहीं. आमच्या तीरावर मात्र हिंदु बाप आपली स्वकष्टाची मिळकत वाटेल त्यास लिहून देऊं शकतो. सन २०१९ त सर्वोच्च न्यायालयानें, गोव्यांत अधिवास असलेल्याच्या देशांतील इतर ठिकाणच्या मिळकतीसही गोव्याचाच कायदा लागू ठरविला. ज्यांच्या सोयरिकी व जमिनी दोन्ही तीरांवर आहेत त्यांनीं पलीकडच्या जाणत्या वकिलास विचारल्यावांचून कागद करूं नये.

बँकेचें व सोन्याचें थोडक्यांत. प्रत्येक खात्याला वारसदाराचें नांव लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चारांपर्यंत नांवें लावतां येतात. पण नांव लावलेला माणूस पैसे उचलणारा आहे, धनी नव्हे. कायद्यानें जे वारस त्यांचा वांटा त्यानें दिला पाहिजे. बँक बुडाली तर एका ठेवीदारास एका बँकेंत ५ लाखांपर्यंतच विम्याचें संरक्षण आहे, म्हणून सारी पुंजी एका ठिकाणीं ठेवूं नये. दहा वर्षें कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधींत जाते. वारसास ती मागतां येते, पण ती होती हें त्याला ठाऊक तर पाहिजे! लॉकरमधला ऐवज आगीनें, चोरीनें किंवा नोकराच्या लबाडीनें गेला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. महापुराची ती घेत नाहीं. दागिन्यांची वजनासह यादी करा. गहाण टाकले असतील तर पावती बायकोला दाखवा, नाहीं तर लिलांवाच्या नोटिशीनेंच तिला तें कळेल. आणि बायकोच्या अंगावरचें स्त्रीधन तिचें आहे. तें वांटणींत धरूं नका.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाहीं, साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांसमोर सही करावी व त्यांनींही सही करावी. ज्याला कांहीं मिळावयाचें आहे त्याला साक्षीदार करूं नये. नोंदणी सक्तीची नाहीं, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. मुसलमान बंधूंना मृत्युपत्रानें एकतृतीयांशापुरतेंच देतां येतें. पुष्कळ म्हातारे भितात कीं कागद केला म्हणजे मुलें विचारणार नाहींत. ही भीति खोटी नाहीं, पण ती बक्षीसपत्राविषयीं खरी आहे. बक्षीसपत्रानें मिळकत आजच हातची जाते. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतें आणि जिवंतपणीं केव्हांही बदलतां येतें. म्हणून जिवंतपणीं घर लिहून देण्याची घाई करूं नका.

चतुर्थीला चाकरमानी गांवीं येतात, सारें घर एका छपराखालीं जमतें. आरती झाल्यावर एक संध्याकाळ या कामाला द्या. एक वही घ्या. जमिनीचे गट, खात्यांचे नंबर, विमा, देणें-येणें, दागिने, होडीचा परवाना, कारखान्याचीं हत्यारें, सर्व तींत लिहा. एटीएमचा गुप्त आंकडा मात्र लिहूं नका. ती वही वाळवी व ओल लागणार नाहीं अशा पेटींत ठेवा आणि पेटी कोठें आहे तें बायकोला व एका जाणत्या मुलाला किंवा मुलीला सांगा. लिहितां येत नसेल तर शाळेंत शिकणाऱ्या पोरीकडून लिहवून घ्या. आपल्या घरचें अक्षर आहे, परक्याच्या वाचण्यावर अंगठा उठविण्याचे दिवस गेले. जमीन, होडी व हत्यार राखण्यासाठीं जन्मभर घाम गाळणाऱ्यानें एक संध्याकाळ लेखणीलाही द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.