बॅग भरली, पण उतरायचं कुठे?

गेल्या जुलैमधल्या एका संध्याकाळी आमच्या ऑफिसात एक सिस्टर आली. भंडारा जिल्ह्यातून निघून, दोन गाड्या बदलून ती कोकणातल्या आमच्या तालुक्याच्या गावी आली होती. जवळ सहा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर होती. ऑर्डरीवर पद होतं, मानधन होतं, रुजू व्हायची तारीख होती, मुदतीत हजर न झाल्यास नेमणूक रद्द समजली जाईल ही तंबीही होती. राहायचं कुठे, याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. पाच रात्री ती लेबर रूमच्या शेजारच्या सामानाच्या खोलीत झोपली होती. दिवसा ड्युटी करायची आणि संध्याकाळी घर शोधायचं. सात घरं पाहून झाली होती. सातही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, ‘मिस्टर कुठे असतात?’

दुसरा प्रश्न आडनावाचा. तिसरा, ‘मटण-मासे करता का?’ आणि या तिन्हींतून पार पडलं, तर शेवटचा, ‘नाइट असते का? आमच्याकडे रात्री-अपरात्री येणं-जाणं चालत नाही.’ ज्या घरमालकिणीने हे ऐकवलं, तिच्याच सुनेचं बाळंतपण त्याच दवाखान्यात रात्री दोन वाजता झालं होतं. तेव्हा जागी असलेली सिस्टर तिला हवी होती. तीच सिस्टर सकाळी आपल्या जिन्यावरून वर यायला मात्र नको होती.

ती रात्र ती माझ्याकडे राहिली. तिने बॅग उघडली आणि तिच्यात काय काय आहे ते मी पाहत बसले. युनिफॉर्मचे तीन जोड, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, कात्री, टॉर्च. प्लॅस्टिकच्या पिशवीत नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि मार्कशीट. छोटा कुकर, दोन ताटल्या, विजेची शेगडी, पाच किलो तांदूळ. आणि तळाशी एक मोठं कुलूप, एक सुटी कडी, चार स्क्रू आणि काळ्या मण्यांचं खोटं मंगळसूत्र. ‘आधीच्या पोस्टिंगला दाराला आतून कडी नव्हती मॅडम, म्हणून आता माझी मीच घेऊन फिरते. आणि हे गळ्यात घातलं, की प्रश्न कमी होतात.’ हे सांगताना तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

सामान कसं भरावं, याबद्दल नर्स मुली एकमेकींना खूप काही सांगतात. मूळ सर्टिफिकेट कुणाच्या हाती सोपवू नकोस, झेरॉक्स दे. मूळ द्यावंच लागलं तर सही-शिक्क्याची पोच घे. महिनाभराचा खर्च जवळ ठेव, पहिलं मानधन वेळेवर येईल असं धरून चालू नकोस. औषधं, पाळीचे पॅड, चार्जर हाताशी ठेव, मोठी बॅग नंतर उघडली तरी चालते. घर बघायला जाताना कुणाला तरी बरोबर ने, आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते आधी विचार, कारण नाइट करून आल्यावर नळ गेलेला असतो. हे सगळं शहाणपण खरंच आहे. पण ते का लागतं, हा प्रश्न आपण विचारत नाही. मालकाने आणि सरकारने जी व्यवस्था करायची, ती एकेका मुलीने आपल्या बॅगेत भरून वाहायची, असा हा प्रकार आहे.

हा एकटीदुकटीचा प्रश्न नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि कंत्राटी नर्सची पदं वाढत गेली. अकरा महिन्यांची ऑर्डर, मध्ये एक-दोन दिवसांचा खंड, पुन्हा ऑर्डर. खाजगीत तर तीन महिने, सहा महिने, ‘आमची सिस्टर बाळंतपणाला गेलीय तेवढ्यापुरतं’ असंही चालतं. उपकेंद्राच्या नर्सबाईने मुख्यालयी राहावं, हा आग्रह सगळे धरतात. ग्रामसभेत ठराव होतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. तिथल्या क्वार्टरचं छप्पर गळतं, संडासाला दार नाही, याची बातमी होत नाही. मुंबईत जागा मिळते ती कॉट बेसिसवर. एका खोलीत सहा-आठ कॉट, आणि दिवसाच्या पाळीची एक उठली की रात्रपाळीची दुसरी त्याच गादीवर आडवी होते.

छोट्या नर्सिंग होममध्ये याची आणखी एक तऱ्हा दिसते. तिथे राहायची सोय ‘फुकट’ असते. वरच्या मजल्यावर किंवा जिन्याखाली एक खोली. मग बारा तासांची ड्युटी संपली, तरी रात्री पेशंट आला की खालून हाक येते. जादा कामाचे पैसे मागितले तर उत्तर ठरलेलं, ‘राहायला दिलंय ना!’ म्हणजे घर नसलं तरी बाई नाडली जाते आणि घर दिलं तरी तिची चोवीस तासांची मोलकरीण होते. घरकामाचं मोल नसतं, हे आपण गेली कित्येक वर्षं शिबिरांतून सांगत आलो. इथे तोच न्याय नोकरीतल्या बाईला लावला जातो.

जागेचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. कर्नाटकातल्या हळदीपूरहून नर्सिंगसाठी मुंबईला आलेली अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयाच्या तळघरात ती कपडे बदलायला गेली होती, तिथे तिच्यावर हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत ती त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून जगली, आणि तिची शुश्रूषा तिथल्या नर्सनीच केली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. रात्रपाळीत ती सेमिनार हॉलमध्ये विश्रांतीला गेली होती. दोन घटनांमध्ये पन्नास वर्षांचं अंतर आहे. कामावरच्या बाईला कपडे बदलायला आणि पाठ टेकायला हक्काची, आतून बंद होणारी खोली हवी, ही मागणी अजून तिथेच आहे.

मनात आणलं तर सोय होते, हे करोनाच्या काळात दिसलं. मे २०२० मध्ये महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० नर्स मागितल्या. त्या पत्रात मानधनाबरोबर राहण्या-जेवणाची सोयही लिहिलेली होती. मुंबईतल्या बड्या हॉटेलांनी डॉक्टर-नर्ससाठी खोल्या उघडल्या. त्याच दिवसांत देशभर नर्सना घरमालक ‘खोली खाली करा’ म्हणत होते. शेवटी २२ एप्रिल २०२० रोजी साथरोग कायद्यात वटहुकूम काढून बदल करावा लागला. आरोग्य कर्मचाऱ्याच्या राहण्यात वा कामात अडथळा आणणारा छळ हीसुद्धा हिंसा आहे, असं त्यात म्हटलं गेलं. साथ ओसरली आणि ऑर्डरीवरची राहण्याची ओळही गेली.

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल नर्स’ हा रीतसर पेशाच आहे. साधारण १३ आठवड्यांचा करार, आणि त्यात घर तरी किंवा घरभाड्याची रक्कम तरी धरलेली असते. तिथेही सगळं आलबेल नाही. खोट्या जाहिराती देऊन नर्सकडून आगाऊ भाडं उकळणारे तिथेही आहेत. पण ज्या माणसाला तात्पुरतं दुसऱ्या गावी बोलावलं, त्याच्या छपराचा खर्च हा कामाचाच खर्च आहे, एवढं तरी तिथे मान्य आहे.

आपल्याकडे हे तत्त्व नवं आहे असंही नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने परराज्यातून कामगार आणणाऱ्या ठेकेदारावर राहण्याच्या सोयीची जबाबदारी टाकली होती. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगी रुग्णालयांतल्या नर्सच्या परिस्थितीबद्दल केंद्राला समिती नेमायला सांगितलं. ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, आणि रजा, कामाचे तास, वाहतूक, निवास या सोयी सरकारी नर्सच्या बरोबरीने मिळाव्यात, अशा शिफारशी समितीने केल्या. त्या राज्यांकडे गेल्या. पगाराचा आकडा आपल्या मोर्चांच्या फलकांवर आला; ‘निवास’ हा शब्द राहून गेला.

इथे एक आक्षेप येतो, आणि आमच्या गटातही तो जोरात आला. मालकाकडून घर मागायचं म्हणजे स्वतःहून त्याच्या मुठीत जायचं नाही का? नर्सेस हॉस्टेलचा इतिहास गेटच्या वेळांचा आणि मेट्रनच्या धाकाचा आहे. नोकरी गेली की त्याच दिवशी छप्परही जातं. ‘आम्हाला कायम करा ही मागणी सोडून तुम्ही खोल्या कसल्या मागता?’ असंही एक जुनी कार्यकर्ती म्हणाली. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पण कायम होण्याची लढाई वर्षानुवर्षं चालते, आणि आज रात्री ती मुलगी कुठे झोपणार हा प्रश्न आजचाच आहे. म्हणून मागणी नेमकी हवी. खोली किंवा तिथल्या चालू दराने घरभाडं, यांतलं काय घ्यायचं ते नर्सने ठरवावं. खोली घेतली तर तिथे सज्ञान बाईला शोभतील असेच नियम असावेत. ड्युटीनंतर बोलावलं तर जादा कामाचे पैसे मिळावेत. करार संपल्यावर सामान हलवायला किमान पंधरा दिवस मिळावेत. आणि हे सगळं तोंडी नको, ऑर्डरीवर हवं.

हातात असलेले कायदेही आपण वापरत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे किती जणींना माहीत आहे? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नोकरीच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागा, मालकाने दिलेलं वाहनसुद्धा कामाची जागा धरलं आहे. मग मालकाने दिलेली खोलीही कामाचीच जागा आहे, हा आग्रह आपण धरला पाहिजे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या नर्सिंग होममधल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हेही तिच्यापर्यंत पोचवलं पाहिजे. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासूनची; २०२२ पासून ती ‘सखी निवास’ या नावाने चालते. आम्ही काम करतो त्या तालुक्यांत असं एकही वसतिगृह नाही. ते मागण्यासाठी अर्ज-निवेदनं द्यायला काय हरकत आहे?

आणि काही गोष्टी कुणाची वाट न पाहता करता येतील. आम्ही एक साधी वही ठेवली आहे. एकट्या बाईला, नाइट ड्युटीसकट, जात-धर्म न विचारता खोली देणारी गावातली घरं तिच्यात लिहिलेली आहेत. आजवर नऊ झाली. बहुतेक बचत गटातल्या बायकांची आहेत, काही एकट्या राहणाऱ्या विधवांची. त्यांना भाड्याचे चार पैसे मिळतात आणि सोबतही मिळते. प्रत्येक खोली आम्ही आधी बघून येतो. आतून कडी, पाणी, संडास, रात्री रस्त्यावर दिवा, एवढं तपासतो.

भंडाऱ्याच्या सिस्टरला अशीच एका अंगणवाडीताईंकडे मागची खोली मिळाली. जानेवारीत तिचा करार संपला. निघताना तिने कुकर बॅगेत घातला, तांदळाचा डबा रिकामा करून ताईंना दिला. दाराला तिने स्वतः बसवलेली कडी मात्र तिथेच राहू दिली. ‘पुढच्या मुलीला लागेल,’ म्हणाली.

आता ती मराठवाड्यात आहे, चार महिन्यांच्या ऑर्डरीवर. ऑर्डरीत राहण्याची ओळ याही वेळी नाही. तुमच्या तालुक्यात बाहेरगावाहून आलेल्या अशा किती नर्स आहेत, त्या कुठे झोपतात, आणि त्यांच्या दाराला आतून कडी आहे का, हे येत्या महिन्याभरात जाऊन विचारा आणि आम्हाला कळवा. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जायचं निवेदन त्या माहितीवरच लिहायचं आहे.