सपाट थरांचा फ्रॉक आणि नाकं मुरडणारी मंडळी



कोजागरीला माझी नात एक ड्रेस घालून आली होती. बदामी रंगाचा, गुडघ्याच्या चार बोटं खाली, कमरेपासून तीन आडवे थर, एकावर एक, पण चुण्या कुठेच नाहीत. सपाट. हल्ली मुली ज्याला विंटेज स्टाईल म्हणतात, त्यातला. दूध आटायच्या आत शेरे सुरू झाले. "कापड कमी पडलं का गं?" आणि दुसऱ्या बाई, "आपल्यात असली ठिगळं घालत नाहीत." नात हसली, तिला काही वाटलं नाही. मला वाटलं. म्हणून लिहितोय. लांबलंय, सवडीनं वाचा.

हे "आपल्यात" म्हणजे नक्की काय? तर म्हणे, आपला खणाचा परकर, भरपूर चुण्यांचा, घेरदार. बरोबर आहे, सुंदरच असतो तो. पण घेर हा आपल्याकडे नेहमी ऐपतीचा विषय होता, संस्कृतीचा नंतर. जिच्या परकराला जास्त कापड, तिच्या बापाचं बरं चाललंय, एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्या काकूंना थर खटकले, त्याच नवरात्रात आपल्या बडोद्याच्या मैदानात चणियो घालून फिरतात. त्यातला जुन्या पद्धतीचा चणियो कळ्यांचा असतो. वर अरुंद, खाली रुंद अशा उभ्या पट्ट्या जोडायच्या, म्हणजे कमरेवर गोळा होत नाही आणि खाली फिरतो. सपाट थराच्या स्कर्टचं तत्त्व तेच आहे, फक्त जोड उभा नसून आडवा आहे. उभा जोड चालतो आणि आडवा म्हणजे ठिगळ, हा न्याय मला समजलेला नाही.

आता हिशेब. (सवय जात नाही.) कंबर 30 इंच धरा. चुण्यांचे तीन थर करायचे तर प्रत्येक थर वरच्याच्या दीडपट घ्यावा लागतो: 45, मग साडेसदुसष्ट, मग 101 च्या वर. 36 इंची पन्ह्याच्या कापडाच्या जवळजवळ सहा पट्ट्या गेल्या. तेच सपाट थर 36, 44 आणि 52 असे घेतले तर पावणेचार पट्ट्यांत काम होतं. पट्टी दुमडीसकट 11 इंचांची धरली तर पाऊण वाराच्या आसपास कापड वाचतं. आत अस्तर लागतं, मान्य. पण अस्तर कुणाला दिसत नाही, ते कशाचंही चालतं. शिवाय पोटावर फुगवटा येत नाही, त्यामुळे अंगानं भरलेल्या बाईलाही तो शोभतो. चालताना प्रत्येक थराची खालची कड सुटी हलते. घेर न वाढवता हालचाल दिसते, ही त्यातली खरी गंमत.

विंटेज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे छत्रीसारखा फुगलेला स्कर्ट येतो. तो पॅरिसच्या दिओरनं 1947 साली आणलेला, ज्याला न्यू लूक म्हणतात. एकेका स्कर्टला वारेमाप कापड. इंग्लंडमध्ये तेव्हा कपडे रेशनवर होते, 1941 ते 1949, आणि तिथे या उधळपट्टीवर टीकाही झाली. पण त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी, 1920 च्या दशकात, तिकडे सरळ नळीसारखे ड्रेस होते आणि त्यांवर असेच आडवे थर बसवत. तेही विंटेजच. माझ्या नातीचा ड्रेस त्या घराण्यातला. माहिती नसेल तर विचारावं, ठिगळ म्हणू नये.

पण माझा राग खरं तर कोजागरीचा नाहीच. तो फार जुना आहे.

दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत आई शिवण करायची. शिकली होती ती महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात. ताईला तिनं एक फ्रॉक शिवला, फिक्या निळ्या पॉपलीनचा, दोन सपाट थरांचा. अस्तर वडिलांच्या जुन्या धोतराचं. पुढच्या वर्षी ताई उंच झाली तेव्हा आईनं खाली तिसरा थर लावला, पांढऱ्या तुकड्याचा, कडेला निळी गोट. त्याच्या पुढच्या वर्षी चौथा. वरच्या थरांना हात लावावा लागला नाही, कारण सपाट थराची वरची शिवण वरच्याच्या पोटात लपते. चुण्यांचा असता तर खालच्या थराला वरच्याच्या दीडपट कापड, ते आणायचं कुठून? एक फ्रॉक तिला चार वर्षं पुरला आणि दर वर्षी नवा दिसला. आजचे डिझायनर यालाच काहीतरी मोठं नाव देतील.

मग एका लग्नात, पंगत बसत असताना, नात्यातल्याच एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, "काय हो, थरांवर पोरीचं वय मोजता का?" सगळे हसले. मीही हसलो, मला कळलं नव्हतं. ताई दहा वर्षांची. घरी येऊन तिनं तो फ्रॉक काढला तो परत घातला नाही. आई काही बोलली नाही. काही दिवसांनी तिनं सगळे थर उसवले आणि त्यांचे उशांचे अभ्रे केले. त्या अभ्र्यांवर मी मॅट्रिकपर्यंत झोपलो.

म्हणून "कापड कमी पडलं का" हे वाक्य मला विनोदी वाटत नाही. पडलं होतं. आणि कमी पडलेल्या कापडातून जे चांगलं झालं, ते आपण हसून बंद पाडलं. नंतर तेच परदेशाच्या नावानं दुकानात आलं की दोन-तीन हजार मोजून घेतो. त्यातही फसवणूक बघा. मंगळ बाजारातल्या एका दुकानात मी मुद्दाम उलटून पाहिलं: सरळ कापडावर आडवी लेस मारलेली, थर नाहीतच. विक्रेता म्हणाला, काका, लांबून कुणाला कळतंय? माझ्या आईला कळलं असतं.

नातीचा ड्रेस मात्र खरा आहे. गेल्या रविवारी ताई आली होती, आता ऐंशीला टेकलीय. तिनं नातीला जवळ बोलावलं, चष्मा लावला, सगळ्यात खालचा थर उलटून शिवण बघितली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आईची टीप याहून बारीक होती." आणि नातीला म्हणाली, उंच झालीस तर मला सांग, एक थर लावून देते.

कुणाच्या घरी असे थरांचे जुने फ्रॉक, परकर ठेवलेले असतील तर खाली फोटो टाका. आतल्या बाजूचाही टाका.