सायकलवाले येण्याआधी पायवाट आखून घ्या



डोंगरात सायकल चालवायला कोण जाईल, असे सातपुड्यातल्या माणसाला वाटणे साहजिक आहे. जिथे मोकळ्या हाताने चढताना दम लागतो, तिथे सायकल म्हणजे खांद्यावरचे ओझेच. पण जाड टायरच्या, गियरच्या, पुढे स्प्रिंग लावलेल्या सायकली शहरात आता सर्रास मिळतात आणि त्या घेऊन जंगलातल्या अरुंद वाटांनी चढणे-उतरणे हा जगभर मान्य झालेला खेळ आहे. तोरणमाळचा सातपायरी घाट, यशवंत तलाव, सीताखाईची दरी, तिकडे अस्तंब्याचा चार हजार फुटांहून उंच डोंगर, हे सगळे पाहिले की ही मंडळी आज ना उद्या आपल्याकडे येणार हे उघड आहे. येऊ द्या. प्रश्न एवढाच, की त्यांच्यासाठी वाट कोण आखणार, कुठून आखणार, आणि ती वाट आपल्या पाड्याच्या उपयोगाची असणार की नाही.

कारण वाट ही आपल्याकडे खेळाची गोष्ट नाही. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या कितीतरी पाड्यांवर आजही गाडी जात नाही. आमचूर बाजारात न्यायचे ते डोक्यावरून, रेशनचे धान्य आणायचे ते डोक्यावरून, आणि बाळंतीण अडली तर बांबूला झोळी बांधून खांद्यावरून. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा पायी निघाला, पण ती वाटेतच गेली. ही बातमी राज्यभर वाचली गेली. डांबरी रस्ता बंद पडला की शेवटी माणसाला पायवाटच उरते. आणि आपल्या पायवाटेची डागडुजी हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसते.

या खेळाचा थोडा इतिहास सांगतो, त्यात आपल्या कामाची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मरीन नावाचा जिल्हा आहे. तिथल्या तरुणांनी १९७० च्या दशकात जुन्या, जड सायकली डोंगरावर चढवून खाली सोडायला सुरुवात केली. उतारावर ब्रेक इतका तापे की चाकाच्या आसातले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. १९७६ पासून तिथे शर्यती लागल्या आणि त्या शर्यतीचे नावही या ग्रीस भरण्यावरूनच पडले. मग सायकली वाढल्या, पायी चालणारे आणि घोडेवाले यांच्याशी तंटे झाले, आणि ज्या डोंगरात हा खेळ जन्मला तिथल्याच अनेक अरुंद वाटा सायकलला बंद झाल्या. वाट कुणाची हे आधी ठरले नव्हते, म्हणून भांडण नंतर करावे लागले.

आता मुद्द्याचे. सायकलीने वाट उखडते आणि माती वाहून जाते, अशी तक्रार सगळीकडे होते. १९९४ साली माँटाना राज्यातल्या डोंगरवाटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चाकांपेक्षा माणसांच्या पायांनी आणि घोड्यांच्या टापांनीच जास्त माती सुटी झालेली आढळली. म्हणजे दोष एकट्या सायकलीचा नाही. दोष बहुतेक वेळा वाटेच्या आखणीचा असतो. आपल्या पायवाटा बघा. बऱ्याचशा टेकडीच्या माथ्यावरून सरळ खाली नाल्यात उतरतात, कारण उतरताना तीच जवळची. पण पाण्यालाही तीच जवळची. पहिल्या पावसात वाटेवरून पाण्याची धार लागते, दुसऱ्या वर्षी चर पडतो, पाच-सात वर्षांत तिथे घळ तयार होते. माणूस मग शेजारून नवी वाट पाडतो आणि तिचीही घळ होते. वरची मुरमाड माती आधीच वीतभर. ती वाहून खालच्या मक्याच्या शेतात गोटे येऊन पडतात. बांधबंदिस्ती करताना आपण उताराला आडवे जातो, मग वाट काढतानाच उताराच्या नाकासमोर का जायचे?

सायकलची वाट आखणारे जाणकार जे नियम पाळतात ते पाणलोटाच्या कामातले आपले जुनेच नियम आहेत. वाट डोंगराला वेढा घालत, समपातळी रेषेच्या जवळून, हळूहळू चढवायची. साधारण दहा फुटांत एक फूट चढ, त्याहून जास्त नको. डोंगराचा उतार जितका असेल त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ कमीच हवा, नाहीतर पाणी वाट सोडून खाली जात नाही, वाटेनेच धावते. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा. आणि थोड्याथोड्या अंतरावर वाट जरा खाली उतरवून पुन्हा वर घ्यायची, म्हणजे त्या खोलगट जागी पाणी बाहेर पडते. जिथे ते पडते तिथे दगड रचून ठेवले की झाले. यात सिमेंट नाही, यंत्र नाही. रुंदी मात्र सायकलपुरती नको. सायकलचे हँडल अडीच फुटांचे असते, पण झोळी घेऊन जाणाऱ्यांना वळणावर पाय टाकायला जागा लागते. म्हणून चार फूट धरा.

उतार मोजायला इंजिनिअरची वाट पाहू नका. दोन सारख्या लांबीचे बांबू वर एकत्र बांधा, मध्ये आडवी काठी बांधा, शेंड्याला सुतळीने दगड लटकवा. झाली ए-फ्रेम. ती दोन जागी टेकवून सुतळी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. पायांमध्ये पाच फूट अंतर ठेवले असेल तर पुढच्या पायाऐवजी मागच्या पायाखाली सहा इंचांचा ठोकळा बांधा. सुतळी मध्यावर आली की समजा, वाट दहाला एक चढते आहे. शाळेतली पोरेसुद्धा अर्ध्या दिवसात हे शिकतात.

कायद्याचेही थोडे बघू. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येते आणि त्या सोयींत रस्ता आहे. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. त्या यादीत खेळाची वाट नाही. म्हणून मागणी करायची ती पाड्याच्या वाटेची करा, मग त्याच वाटेवरून सायकलवाला गेला तर जाईना का. दुसरीकडे, वनसंवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. वनखात्याच्या कार्य आयोजनेत दाखवलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी आता वनेतर वापर धरल्या जात नाहीत. म्हणजे पर्यटनाचे काम आता पूर्वीपेक्षा लवकर मंजूर होऊ शकते. आपला ठराव आधी झालेला असला तर बोलायला जागा राहते. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांच्या हातात तर कलम ५ आहे. वनात कुणी, कुठून यायचे याचे नियम ग्रामसभा ठरवू शकते. देवाची जागा, चराईचा टप्पा, मोहाची झाडे यांच्यापासून वाट किती लांब असावी, हे तुमच्याइतके बाहेरच्या नकाशावाल्याला कळणार नाही. आणि कुणी संस्था शर्यत किंवा सहल भरवायला आली, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखालची नोंदणी आधी मागा. चहा नंतर पाजा.

पैशाचे काय, असे कुणी विचारील. साताऱ्याच्या कास पठारावर, जे २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, तिथे फुलांच्या हंगामात भोवतालच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या प्रवेश शुल्क घेतात आणि गावची पोरे राखणीला असतात. तिथेही वाद झाले, गर्दी झाली, हे खरे. पण पावती गावच्या समितीची फाटते. आपल्याकडे तेवढी गर्दी लगेच होईल असे मला वाटत नाही. त्यामुळे तंबू आणि हॉटेलच्या गोष्टी सांगणाऱ्यांवर फार भिस्त ठेवू नका. चार जणांना वाटाड्याचे काम आणि दोन घरी भाकरीचे पैसे मिळाले तरी सध्या पुष्कळ.

एक अट मात्र ठरावात पहिल्याच ओळीत घाला. मृगापासून दसऱ्यापर्यंत वाट सायकलला बंद. ओल्या मातीत ब्रेक दाबला की चाक घसरत चर काढते, आणि त्याच काळात उतारावर पीक उभे असते.

१ मे ची ग्रामसभा जवळ आली की सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) विषयपत्रिका निघण्याआधी हा विषय त्यात घालून घ्यावा. होळी झाली की हात मोकळे असतात. प्रत्येक पाड्याने आपली सगळ्यात वाईट झालेली एक वाट निवडावी, ए-फ्रेमने खुंट्या मारून ठेवाव्यात, आणि खुंट्यांवरून वनरक्षकाला सोबत घेऊन एकदा चालावे. ठरावाला कच्चा नकाशा जोडलेला असला तर रोजगार हमीच्या आराखड्यात आणि वनहक्काच्या अर्जात तोच कामाला येतो. मंजुरी हातात आली की माती-दगडाचे काम पाऊस लागण्याआधी उरकते.