पाडकामापूर्वी अॅस्बेस्टॉस शोधणार कोण?

गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघणाऱ्या ५०० किंवा त्याहून अधिक सकल टनभाराच्या जहाजात अॅस्बेस्टॉस कोठे आणि किती आहे, याची यादी त्या जहाजासोबत असावी लागते. २६ जून २०२५ रोजी अमलात आलेल्या हाँगकाँग आंतरराष्ट्रीय कराराने ही सक्ती केली असून, भारत २०१९ मध्येच या करारात सामील झाला आहे. दादर, मुलुंड वा चेंबूरमधील पन्नास वर्षांची इमारत पुनर्विकासासाठी पाडली जाते तेव्हा मात्र हाच प्रश्न विचारण्याची सक्ती कोणत्याही स्वतंत्र कायद्याने कोणावरही केलेली नाही. जहाजाची झडती होते, घराची होत नाही. ही विसंगती मुंबई-ठाण्यात पुनर्विकासाचा वेग वाढत असताना अधिकच खुपणारी आहे.

अॅस्बेस्टॉस म्हटले की सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे येतो तो गच्चीवरील शेडचा करडा पन्हळी पत्रा. प्रत्यक्षात १९६० ते १९९०च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या इमारतींत पावसाच्या आणि सांडपाण्याच्या उभ्या पाइपांपासून पाण्याच्या जुन्या टाक्यांपर्यंत अनेक ठिकाणी अॅस्बेस्टॉस-सिमेंटचा वापर झाला. लिफ्टच्या ब्रेकचे अस्तर, विजेच्या जुन्या पॅनेलमागील तक्ते, कार्यालयांतील खोटे छत, बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवरील लेप ही आणखी काही ठिकाणे. गिरणगावातील गिरण्या जमीनदोस्त झाल्या तेव्हा त्यांच्या बॉयलर-घरांत नेमके काय होते, याच्या सार्वजनिक नोंदीची कोणी मागणी केल्याचे ऐकिवात नाही. वास्तविक या शहराचा अॅस्बेस्टॉसशी असलेला संबंध केवळ वापरापुरता नाही. मुलुंड आणि घाटकोपर येथे अॅस्बेस्टॉसची उत्पादने तयार करणारे कारखाने कित्येक दशके चालले. मुंबईतील अशाच एका कारखान्याच्या १८१ कामगारांच्या तपासणीत सुमारे २२ टक्के जणांना अॅस्बेस्टॉसिस हा फुप्फुसांचा विकार जडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून समोर आले होते.

येथे घबराट पसरविण्याचे कारण नाही. गच्चीवर धडधाकट अवस्थेत असलेला पत्रा सहसा मोठा धोका निर्माण करीत नाही, कारण त्यातील तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात. उद्योगाची बाजूही नेमकी हीच आहे आणि पांढऱ्या अॅस्बेस्टॉसचा 'नियंत्रित वापर' हे सरकारचे धोरणही त्याच आधारावर उभे आहे. भारतात या खनिजाच्या खाणी बंद असल्या तरी त्याची आयात सुरू असून, जगातील सर्वांत मोठ्या आयातदारांत देशाची गणना होते. पण हा युक्तिवाद पत्रा शाबूत असेपर्यंतच टिकतो. घणाचा घाव बसला, की बांधलेले तंतू सुटतात. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले, तर त्यांचा परिणाम वीस ते चाळीस वर्षांनी दिसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारच्या अॅस्बेस्टॉसला कर्करोगकारक ठरविले आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये त्याच्या वापरावर पूर्ण बंदी घातली, तरीही तेथे अॅस्बेस्टॉसजन्य आजारांनी दरवर्षी सुमारे पाच हजार मृत्यू होतात. बंदीनंतरही इमारतींत राहून गेलेल्या अॅस्बेस्टॉसचे काय करायचे, हा प्रश्न त्या देशाला अजून सोडवावा लागत आहे.

सक्ती नाही म्हणून पाहणीची मागणीच होत नाही, असे मात्र नाही. बहुराष्ट्रीय कंपन्या कार्यालय घेण्यापूर्वी ती करवून घेतात. काही गृहनिर्माण संस्थांमध्येही, विशेषतः परदेशात नोकरी करून परतलेले सदस्य कार्यकारिणीत असतील तर, हा विषय सर्वसाधारण सभेत निघू लागला आहे. अडचण सुरू होते ती यानंतर. हे काम द्यायचे कोणाला?

नोंदणीच नाही, मग निवड कशाच्या आधारे?

तीस वर्षांहून जुन्या इमारतीच्या संरचनात्मक तपासणीसाठी मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ (ब) नुसार पालिकेकडे नोंदणी असलेला अभियंता लागतो. पुनर्विकासाची प्रक्रिया कशी चालवावी, हे ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ठरवून दिले आहे. अॅस्बेस्टॉस शोधणाऱ्यासाठी अशी यादी, परवाना किंवा परीक्षा येथे नाही. त्यामुळे घातक कचऱ्याची वाहतूक करणारा, हवेचे प्रदूषण मोजणारा, पत्रे बदलून देणारा आणि 'पर्यावरण सल्लागार' अशी पाटी लावणारा, असे सारेच हे काम करून देतो म्हणतात. यांतील काही जण ते उत्तम करतातही. कोण ते कसे ओळखायचे, हा प्रश्न उरतोच.

ब्रिटनमध्ये २०१२ च्या नियमावलीने बिगरनिवासी इमारतींतील, तसेच निवासी इमारतींच्या सामाईक भागांतील अॅस्बेस्टॉसच्या व्यवस्थापनाची जबाबदारी इमारत सांभाळणाऱ्यावर टाकली आहे. सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेला तपासणी संस्थांसाठीच्या आयएसओ १७०२० या मानकानुसार आणि प्रयोगशाळेला १७०२५ या मानकानुसार मान्यता असावी, अशी तेथे अपेक्षा असते. ही दोन्ही मानके भारतातही परकी नाहीत. प्रयोगशाळांना 'एनएबीएल' आणि तपासणी संस्थांना 'एनएबीसीबी' मान्यता देते. मात्र लेटरहेडवरील बोधचिन्ह पाहून समाधान मानणे चुकीचे ठरेल. मान्यता ही संपूर्ण संस्थेला सरसकट नसते, ठरावीक चाचण्यांपुरती असते. पाणी, माती आणि सिमेंटच्या चाचण्यांसाठी मान्यता मिळालेली प्रयोगशाळा अॅस्बेस्टॉसबाबत तितकीच अधिकृत असेल, असे नाही. मान्यतेसोबत चाचण्यांची यादी जोडलेली असते. सोसायटीच्या सचिवाने ती मागवून त्यात ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालील अॅस्बेस्टॉस तपासणीचा उल्लेख आहे का, एवढे पाहिले तरी बरीच गाळणी होईल. सूक्ष्मदर्शकाचा आग्रह धरण्याचे कारण साधे आहे. अॅस्बेस्टॉसविरहित तंतूंचे सिमेंटचे पत्रेही आता बाजारात आहेत आणि नुसत्या डोळ्यांनी दोहोंतील फरक खात्रीने सांगता येत नाही. गच्चीवर एक फेरी मारून निकाल देणारा तज्ज्ञ तेथेच बाद समजावा.

हवेच्या चाचणीला सर्वेक्षण म्हणून खपविण्याचा प्रकारही जाणून घ्यायला हवा. हवेचा नमुना त्या दिवशी, त्या खोलीत तंतू उडत होते की नाही, एवढेच सांगतो. भिंतीतील पाइपाला लेप आहे का, हे त्यातून कळत नाही. अहवालावर मात्र 'तंतू आढळले नाहीत' असे ठळक छापलेले असते आणि सभेत तेवढेच वाचून दाखविले जाते.

त्याहूनही महागात पडते ती सर्वेक्षणाच्या प्रकाराची गल्लत. ब्रिटनमध्ये २०१० पासून दोन प्रकार रूढ आहेत. पहिला वापरात असलेल्या इमारतीसाठी. यात फारशी तोडफोड न करता, सहज पोहोचता येईल तेवढेच पाहिले जाते. दुसरा मोठ्या दुरुस्तीपूर्वी वा पाडकामापूर्वीचा. यात भिंती, डक्ट, छतावरील पोकळी उघडून पाहावी लागते. स्वाभाविकच पहिला स्वस्त आणि दुसरा महाग. पाडायला निघालेल्या इमारतीसाठी पहिल्या प्रकारचा अहवाल घेणे म्हणजे निम्मी इमारत न पाहताच पाडणे होय. मुंबईत तर दुसरा प्रकार वेळेच्या गणितातही बसत नाही. रहिवासी घर सोडतात आणि काही दिवसांतच पाडकामाचा कंत्राटदार आत शिरतो. त्यामुळे निविदेपूर्वी गच्ची, डक्ट, पंपाची खोली, लिफ्टची खोली या सामाईक जागांची पाहणी आणि घरे रिकामी होताच उरलेल्या भागाची, असे दोन टप्पे करारातच लिहून घेणे हा व्यवहार्य मार्ग दिसतो. रिकाम्या इमारतीचा ताबा कंत्राटदाराला देण्याची तारीख दुसऱ्या टप्प्याच्या अहवालाशी जोडल्याशिवाय तो टप्पा कागदावरच राहील, हेही तितकेच खरे.

पैसे कोणाचे, शब्द कोणाचा?

निवडीतील खरा कळीचा मुद्दा मान्यतेचा नसून हितसंबंधांचा आहे. पुनर्विकासातील जवळजवळ सर्व खर्च अखेर विकासकाच्या खिशातून होतो. अॅस्बेस्टॉस जितके कमी सापडेल तितका त्याचा वेळ आणि पैसा वाचणार. उलट, सर्वेक्षण आणि काढण्याचे काम एकाच कंपनीकडे असेल, तर जितके अधिक सापडेल तितके तिचे बिल वाढणार. दोन्हीकडून आकड्यावर ताण येतो. सर्वेक्षकाचे नेमणूकपत्र संस्थेच्या सहीने जावे, शुल्क विकासकाने संस्थेकडे आधी जमा करावे, अहवाल थेट संस्थेला मिळावा आणि सर्वेक्षकाला काढण्याच्या कामाची निविदा भरता येऊ नये, या चार अटींनी हा ताण बराचसा कमी होऊ शकतो.

आकड्यांचा हा खेळ किती दूर जाऊ शकतो, हे भारताने पाहिलेले आहे. 'क्लेमेन्सो' ही फ्रान्सची विमानवाहू युद्धनौका ३१ डिसेंबर २००५ रोजी तुलाँहून अलंगकडे निघाली, तेव्हा तिच्यात केवळ ४५ टन अॅस्बेस्टॉस उरल्याचे फ्रेंच सरकारचे म्हणणे होते. सुरुवातीचे काढण्याचे काम करणाऱ्या कंपनीने मात्र नौकेवर त्याच्या दहापट वा त्याहूनही अधिक साठा असल्याचा दावा केला. पुढे ११५ टन काढल्याचे सांगितले गेले असताना प्रत्यक्षात पुरल्याची नोंद ८५ टनांचीच असल्याचे फ्रान्सच्या संरक्षण मंत्रालयालाच मान्य करावे लागले. फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी नौका परत बोलावली आणि अखेर ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे मोडण्यात आली. एका सरकारला आपल्या नौकेवरचे अॅस्बेस्टॉस नीट मोजता आले नव्हते. चार मजली सोसायटीच्या अहवालातील आकडा तपासून न घेता स्वीकारण्याचे मग काहीच कारण उरत नाही.

दरपत्रकांची तुलना करताना एकूण रकमेपेक्षा नमुन्यांची संख्या पाहणे अधिक उपयुक्त ठरते. नमुन्यांसह ठोक रक्कम घेणाऱ्याचा कल कमी नमुने घेण्याकडे राहणार, हे उघड आहे. पाहणीचे शुल्क वेगळे आणि प्रत्येक नमुन्याचा दर वेगळा लिहिलेला असावा. किती नमुने पुरेसे, याला अमेरिकेतील शाळांसाठीच्या नियमांत एक मोजमाप आहे. फवारलेल्या वा लिंपलेल्या एकसारख्या थराचे क्षेत्र १,००० चौरस फुटांपर्यंत असेल तर किमान तीन, ५,००० पर्यंत पाच आणि त्यापुढे सात नमुने. पत्र्यांना हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. तथापि दोन विंग आणि अनेक डक्ट असलेल्या इमारतीतून दोनच नमुने घेणाऱ्याला चार प्रश्न विचारण्यासाठी तो पुरेसा आहे.

कंपनीची पारख करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे तिचा एखादा जुना अहवाल, नावे खोडून का होईना, मागणे. त्यात प्रत्येक वस्तूचे ठिकाण, छायाचित्र, अंदाजे प्रमाण, अवस्था आणि नमुना क्रमांक असायला हवा. पण सर्वप्रथम उघडावे ते पाहता न आलेल्या जागांचे पान. बंद फ्लॅट, सिमेंटने बुजविलेला डक्ट, कुलूपबंद पंपघर अशा जागा प्रत्येक इमारतीत निघतात. तेथे अॅस्बेस्टॉस आहे असेच गृहीत धरून चालावे, ही ब्रिटनमधील रीत आहे. असे पानच नसलेला अहवाल सर्वकाही पाहिल्याचा दावा करतो आणि तो दावा बहुधा खोटा असतो. नमुना घेण्याची पद्धतही बोलकी असते. जागा ओली करून, छोटा तुकडा दुहेरी पिशवीत बंद करून, उघडी पडलेली कड लिंपणारा एकीकडे आणि हातोडीने कोरडा पत्रा फोडून तुकडा खिशात टाकणारा दुसरीकडे. दुसऱ्याचा अहवाल वाचण्याची तसदी घेण्याचे कारण नाही.

मुंबईत हे कौशल्यच नाही, ही सबबही पटणारी नाही. जहाजांवरील घातक पदार्थांच्या याद्या तयार करणारे, त्यासाठी नमुने घेणारे तज्ज्ञ या बंदराच्या शहरात काम करतात आणि जहाजांचे वर्गीकरण करणाऱ्या भारतीय संस्थेचे मुख्यालय पवईत आहे. जहाज आणि इमारत यांत फरक असला, तरी पाइपावरील लेप ओळखणारी नजर तीच लागते.

अर्थात अहवाल हाती आल्यावरही एक गाठ उरते. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या परिशिष्टात टाकून दिलेल्या अॅस्बेस्टॉसचा उल्लेख आहे, पण तो अॅस्बेस्टॉसच्या उत्पादन-प्रक्रियेच्या शीर्षकाखाली. गच्चीवरून उतरविलेला जुना पत्रा त्यात मोडतो का, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या सोयीप्रमाणे दिले जाते. बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या २०२५ च्या नव्या नियमांनी, ज्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली, २०,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या प्रकल्पांच्या उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. त्यांचा रोख मुख्यतः काँक्रीट, विटा आणि मातीच्या पुनर्वापरावर आहे. पत्र्याचा चुरा त्याच डेब्रिजमध्ये मिसळून पुन्हा बांधकामात आला, तर काय, हा प्रश्न त्यामुळे अधिक निकडीचा होतो. तळोजा येथे घातक कचऱ्याची शास्त्रीय भरावभूमी आहे. सोसायटीला तेथवरच्या वाहतुकीच्या पावत्या करारात मागता येतील. आज मात्र शाबूत निघालेले पत्रे भंगारवाल्याकडे आणि तेथून पावसाळ्यापूर्वी एखाद्या झोपडीच्या छपरावर जातात.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे अथवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला होता. पाडकामावर येणारा मजूर दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्या इमारतीवर जातो. त्याच्या नावाची नोंद बहुतेकदा मुकादमाच्या वहीतच असते, आणि तो ज्या इमारतीवर राबला तिच्यात काय होते, हे सांगू शकणारा एकमेव कागद म्हणजे हा सर्वेक्षण अहवाल. पुनर्विकासाच्या करारांत नव्या फ्लॅटमधील नळांची कंपनीही लिहून घेतली जाते. हा अहवाल कोणी, किती वर्षे जपायचा, याचे कलम त्यांत सहसा नसते.