निकालामागची पंचवीस वर्षे

आपल्या समाजाच्या समारंभांत वकिलांचा सत्कार होतो, न्यायाधीशांचा होतो, आणि तो व्हायलाच हवा. 2025 मध्ये अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई भारताचे सरन्यायाधीश झाले तेव्हा आपल्या घराघरांत जो आनंद झाला तो रास्तच होता. परंतु न्यायासनावर कोण बसले आहे, या प्रश्नाइतकाच मोलाचा आणखी एक प्रश्न आहे. त्या आसनासमोर उभे राहून बोलणारा कोण? त्याची तयारी कोणी करून घेतली? तो थकला तर त्याची कागदपत्रे उचलून पुढे नेणारे कार्यालय कोणते? या दुसऱ्या प्रश्नाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आमचे मत आहे. ते मांडण्यासाठी आम्ही अमेरिकेतील एका वकिली कार्यालयाचा इतिहास वाचकांपुढे ठेवू इच्छितो. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत तो अप्रस्तुत ठरणार नाही, कारण हे सारे प्रकरण मुळात शाळेचेच आहे.

1896 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात असे ठरवले, की गोऱ्यांसाठी व कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे डबे वेगळे ठेवले तरी ते समान असले म्हणजे राज्यघटनेचा भंग होत नाही. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी भिन्नमत नोंदवले. डब्यांचा हा न्याय पुढे शाळांना, दवाखान्यांना, पाणी पिण्याच्या नळांना लागू झाला. ‘वेगळे पण समान’ यातले ‘वेगळे’ कसोशीने पाळले गेले, ‘समान’ कोठेच दिसले नाही. आपल्याला हे तंत्र समजावून सांगण्याची गरज नाही.

हा निकाल उलथून पडला तो 17 मे 1954 रोजी, ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या खटल्यात. पाठ्यपुस्तकांत हे दोन सन एकापाठोपाठ छापलेले असतात, आणि मधली अठ्ठावन्न वर्षे जणू आपोआप सरली असे विद्यार्थ्याला वाटते. खरे काम त्या मधल्या काळात, विशेषतः शेवटच्या पंचवीस वर्षांत झाले.

1929 मध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची सूत्रे हाती घेतली. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात अधिकारी होते आणि तेथेही वर्णद्वेषाचे चटके त्यांनी सोसले होते. नंतर ते हार्वर्डमध्ये कायदा शिकले. हॉवर्ड हे त्या वेळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे रात्रवर्गांचे महाविद्यालय होते. नोकरी सांभाळून पदवी मिळवण्याची ती सोय होती. ह्यूस्टन यांनी रात्रवर्ग बंद केले, अभ्यासक्रम कडक केला, नापासांची संख्या वाढली तरी माघार घेतली नाही. लोक रागावले. गरिबांची वाट बंद केली, असा आक्षेप आला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण दोनच वर्षांत महाविद्यालयाला पूर्ण मान्यता मिळाली, आणि 1933 च्या तुकडीत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे नाव होते थर्गुड मार्शल. हा विद्यार्थी बाल्टिमोरचा. घराजवळच्या मेरीलँड विद्यापीठाचे विधी महाविद्यालय कृष्णवर्णीयांना घेत नसे, म्हणून त्याला वॉशिंग्टनपर्यंत जावे लागत होते. पदवी मिळाल्यावर तीन वर्षांच्या आत गुरुशिष्यांनी मेरीलँडच्या न्यायालयातून त्याच महाविद्यालयाचे दार एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला उघडून दिले.

ह्यूस्टन यांची योजना धीराची होती. प्राथमिक शाळांवर पहिला घाव घालायचा नाही. आधी विधी महाविद्यालये आणि पदव्युत्तर शिक्षण. तेथे विद्यार्थी मोजके, त्यामुळे गोऱ्या समाजाचा विरोध कमी, आणि चांगले विधी महाविद्यालय कशाला म्हणतात हे न्यायाधीशांना शिकवावे लागत नाही. 1938 मध्ये मिसुरीच्या लॉइड गेन्स यांचा खटला घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. ह्यूस्टन बोलू लागले तेव्हा न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली, असे सांगितले जाते. ह्यूस्टन बोलत राहिले आणि खटला जिंकले. पण ज्याच्यासाठी तो लढवला तो गेन्स 1939 मध्ये शिकागोत एका संध्याकाळी घराबाहेर पडला तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

1940 मध्ये मार्शल यांच्या नेतृत्वाखाली ‘लीगल डिफेन्स अँड एज्युकेशनल फंड’ हे स्वतंत्र कार्यालय उभे राहिले. पैसा अपुरा, वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि देश अफाट. मार्शल दक्षिणेकडील राज्यांत मैलोगणती गाडी हाकत फिरत. 1946 मध्ये टेनेसीतील एक खटला आटोपून परतताना जमावाच्या हातून त्यांचा जीव थोडक्यात वाचला. असे असूनही या कार्यालयाने एक शिस्त सोडली नाही, आणि आमच्या मते त्याचे सारे यश तिच्यात आहे. सर्वोच्च न्यायालयात उभे राहण्यापूर्वी हॉवर्डमध्ये युक्तिवादाची तालीम होई. प्राध्यापक न्यायाधीश बनून बसत आणि आपल्याच माणसाला निर्दयपणे प्रश्न विचारत. विद्यार्थीही ऐकत आणि विचारत. उद्या जो घाव शत्रू घालणार तो आज मित्राने घालायचा, असा तो प्रकार होता. मार्शल यांनी त्या न्यायालयापुढे 32 खटले चालवले आणि 29 जिंकले. त्यांच्या सहकारी कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी दहापैकी नऊ जिंकले. वक्तृत्व हे त्याचे एक कारण असेल, पण वक्तृत्वाची वाण आपल्याकडेही कधी नव्हती.

खटल्यांतील माणसांची ओळख करून घेतली पाहिजे. मॅकलॉरिन हे साठी ओलांडलेले शिक्षक डॉक्टरेट करण्यासाठी ओक्लाहोमा विद्यापीठात गेले. न्यायालयाच्या आदेशाने प्रवेश द्यावा लागला, तर विद्यापीठाने त्यांना वर्गाशेजारच्या खोलीत बसवले. तेथून दारातून फळा पाहायचा. ग्रंथालयात वेगळे टेबल, खानावळीत वेगळे टेबल. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेल्या भिवाची आठवण येथे कोणाला होणार नाही? त्याच वेळी टेक्सासने एका कृष्णवर्णीय अर्जदारासाठी ऑस्टिन शहरात तळघरातील खोल्यांत स्वतंत्र ‘विधी महाविद्यालय’ थाटले होते. 5 जून 1950 रोजी दोन्ही खटल्यांत न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. भिंती आणि पुस्तके मोजून समानता ठरत नाही, संस्थेचा लौकिक, सहाध्यायी आणि माजी विद्यार्थी हेही शिक्षणच असते, हे तेथे मान्य झाले. ह्यूस्टन हा दिवस पाहू शकले नाहीत. ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते.

आता प्राथमिक शाळांची वेळ आली. दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्यात गोऱ्या मुलांसाठी तीस बसगाड्या होत्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. लेव्ही पिअर्सन या शेतकऱ्याने 1947 मध्ये एका गाडीची मागणी करणारा दावा लावला. दोन शाळा-क्षेत्रांच्या हद्दीवर त्याची जमीन होती आणि कर दुसऱ्या क्षेत्रात भरला जात होता, एवढ्या कारणाने तो बाद झाला. कोर्टकचेरीची पायरी चढलेल्या आपल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे ओळखीचे वाटेल. मार्शल यांनी तेथील रेव्हरंड डिलेन यांना सांगितले, की एकट्या माणसावर आम्ही दावा उभा करणार नाही, किमान वीस पक्षकार हवेत. त्यांनी ते मिळवले. वर्णानुक्रमाने पहिले नाव हॅरी ब्रिग्ज यांचे आले, म्हणून खटला त्यांच्या नावाने ओळखला गेला. ब्रिग्ज पेट्रोलपंपावर काम करत, ती नोकरी गेली. त्यांच्या पत्नीची गेली. डिलेन यांचे घर जळाले तेव्हा अग्निशामक दल हद्दीचे कारण सांगत उभे राहिले. पुढे त्यांचे चर्चही जाळले गेले आणि त्यांना ते राज्य कायमचे सोडावे लागले. निकालपत्रात यातले काहीच नसते.

ब्राउन खटला म्हणजे अशा चार राज्यांचे खटले एकत्र आणलेला संच होता. राजधानी वॉशिंग्टनचा पाचवा त्यांच्यासोबतच चालला. व्हर्जिनियाच्या खटल्याचे मूळ तर सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स या मुलीने 1951 मध्ये आपल्या शाळेत घडवून आणलेल्या विद्यार्थी-संपात होते. विरुद्ध बाजूला दक्षिण कॅरोलायनातर्फे जॉन डब्ल्यू. डेव्हिस हे देशातील अतिशय नामांकित वकील आणि एकेकाळचे अध्यक्षपदाचे उमेदवार उभे होते. विद्यार्थी असताना मार्शल यांनी त्यांचेच युक्तिवाद न्यायालयात जाऊन ऐकले होते.

डिसेंबर 1952 मधील सुनावणीनंतर न्यायालयाने निकाल दिला नाही. उलट पुढील जूनमध्ये दोन्ही पक्षांना प्रश्न घातले. 1868 ची चौदावी घटनादुरुस्ती करणाऱ्यांच्या मनात शाळांविषयी काय होते, हा त्यांतला मुख्य. प्रश्न सरळ इतिहासाचा होता, आणि इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला हा सर्वांत मनोवेधक भाग वाटतो. मार्शल यांनी इतिहासकारांना बोलावले. जॉन होप फ्रँकलिन, सी. व्हॅन वुडवर्ड, अल्फ्रेड केली ही मंडळी कार्यालयात येऊन बसली आणि काही महिने ते कार्यालय पदव्युत्तर विभागासारखे चालले. दुरुस्ती करणाऱ्या काँग्रेसनेच वॉशिंग्टनच्या वेगळ्या शाळा चालू दिल्या होत्या, हा अडचणीचा पुरावाही त्यांच्यापुढे आला. सत्य शोधणे आणि खटला जिंकणे यांतील ताण आपण तेथे अनुभवला, असे केली यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले. अखेर न्यायालय म्हणाले, की इतिहासाचा कौल कोणत्याच बाजूला निर्णायक नाही. काहींना यात इतिहासकारांचे श्रम वाया गेलेले दिसतात. आम्हांला तसे वाटत नाही. विरुद्ध पक्षाला इतिहास आपल्या खिशात घालू न देणे, ही कमाई लहान नव्हे.

येथे महाडची आठवण अपरिहार्य आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर 1927 मध्ये सवर्णांनी लावलेल्या दाव्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. तो उभा राहिला तो पुराव्याच्या प्रश्नावर. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. दहा वर्षे, तीन पायऱ्यांची न्यायालये, आणि शेवटी तळ्याच्या इतिहासाचा पुरावा. सत्याग्रहाचा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो, त्या दहा वर्षांच्या कागदपत्रांचा अभ्यास मात्र फार थोडे करतात.

सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ब्राउनचा निकाल दिला, तेव्हा काम संपले असे कोणालाही वाटले असते. वर्षभराने अंमलबजावणीचा आदेश आला, त्यात मुदत नव्हती. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर 1959 मध्ये सगळ्या सार्वजनिक शाळाच बंद केल्या, त्या पाच वर्षे बंद राहिल्या. शाळा एकत्र होऊ लागल्या तेव्हा कृष्णवर्णीयांच्या शाळांना टाळे लागले, हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि मुख्याध्यापकांना खालच्या जागा मिळाल्या. याच शिक्षकांनी पूर्वी समान वेतनासाठी या कार्यालयाच्या साहाय्याने दावे लढवले होते. आपल्या मुलांना आपल्या माणसांनी शिकवण्याची किंमत काय असते, हे आपल्यासारख्या निवासी शाळेला ठाऊक आहे. म्हणून या निकालाकडे आम्ही निखळ विजय म्हणून पाहू शकत नाही. पण कार्यालय अस्तित्वात होते, त्यामुळे ते प्रिन्स एडवर्डसाठी पुन्हा न्यायालयात गेले आणि शिक्षकांसाठीही गेले.

आपल्याकडे काय घडते? 20 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट करणारे निर्देश दिले. कराडच्या एका शासकीय महाविद्यालयातील तक्रारीतून ते प्रकरण निघाले होते, म्हणजे आपल्याच दारातले. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचे नाव निकालानंतरच ऐकले. 2 एप्रिलला देश बंद झाला, उत्तरेकडे माणसे मेली, संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. रस्त्यावर उतरलेल्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण त्या मार्चपूर्वी, प्रकरण दिल्लीत पोहोचले त्या दिवसापासून त्यावर डोळा ठेवणारे समाजाचे एखादे कायमचे कार्यालय असते तर? बाबासाहेबांनी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणाऱ्या कलम 32 ला संविधानाचा आत्मा म्हटले, ते हा हक्क कोणीतरी बजावील या अपेक्षेने.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत वकिली करणारे आहेत, जिल्हा न्यायालयांत आहेत, उच्च न्यायालयातही आहेत. प्रत्येक जण एकेकटा झुंजतो. शिष्यवृत्ती अडते, जातपडताळणीचा दाखला रखडतो, अत्याचाराच्या फिर्यादीत साक्षीदार फुटतात, आणि दर वेळी नवा वकील पहिल्या पानापासून सुरुवात करतो. आमची सूचना लहान आहे. संस्थेने माजी विद्यार्थी वकिलांची नोंदवही करावी, झालेल्या खटल्यांची कागदपत्रे एका कपाटात जमवावीत, आणि महिन्यातून एका रविवारी शाळेचे सभागृह तालमीसाठी मोकळे ठेवावे. न्यायाधीशाच्या खुर्चीत निवृत्त मंडळी बसतील. मागच्या बाकांवर नववी-दहावीची मुले बसू द्यावीत, आणि त्यांनाही प्रश्न विचारू द्यावेत. इतिहासाचे शिक्षक जुने दस्तऐवज वाचून देतील, मोडी असेल तर मोडीही. कपाटाची किल्ली ठेवण्यास आम्ही तयार आहोत.