अजिंठ्याचें तारूं

आमच्या बुलढाण्याकडे उभ्या जन्मांत ज्यानें समुद्र पाहिला नाहीं, तोहि संसारास सागर म्हणतो आणि सद्गुरूस नावाडी. कीर्तनांतून व पोथ्यांतून हें रूपक इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, नौका ही लांकूड, दोर आणि शीड यांची केलेली वस्तु आहे याचाच विसर पडावा. 'तीर्थ', 'तारक' आणि 'अवतार' हे शब्दहि 'तॄ' या एकाच धातूचे. पण उच्चारतांना पाण्याची आठवण कोणास होते?

ज्या डोंगररांगेवर बुलढाणें वसलें आहे, तिच्याच पश्चिमेकडील कुशींत अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथील दुसऱ्या लेण्यांत एक तारूं रंगविलें आहे. तीन डोलकाठ्या, रुंदीहून उंची अधिक अशीं शिडें, सुकाणूचीं वल्हीं, नाळेवर रेखलेला डोळा, आणि वर मांडून ठेवलेले रांजण! केवळ रूपकच काढावयाचें असतें तर चित्रकार या रांजणांच्या खटाटोपांत पडता ना. गलबत पाहिलेल्या माणसाचाच हा तपशील आहे.

कथा शूर्पारकाच्या, म्हणजे सोपाऱ्याच्या, पूर्णाची. हा दर्यावर्दी व्यापारी पुढें भिक्षु झाला. त्याचा भाऊ चंदन आणावयास गेला असतां तुफान उठलें. तारवावरील लोकांनीं पूर्णाचें स्मरण केलें व तो धांवून आला. वांचलेल्या त्या चंदनाचें सोपाऱ्यास बुद्धासाठीं मंदिर उभारलें. (आमच्या पूर्णा नदीशीं नामसाम्य योगायोगाचेंच, तीहि मात्र तापीस मिळून समुद्रासच जाते.) येथें नौका तारणाचें चिन्ह आहे खरें, परंतु तिच्यांत माल आहे आणि माणसें भ्यालेलीं आहेत.

ही कल्पना एकट्या बौद्धांची नव्हे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत तुग्रपुत्र भुज्यूला अश्विनीकुमार शंभर वल्ह्यांच्या नावेंतून घरीं आणतात. उलट, यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवरील दोन डोलकाठ्यांचें जहाज मोक्षाचें नसून व्यापाराचें व सत्तेचें.

पुढें समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत गेली. भवसागर तरण्याची रोज प्रार्थना करणाऱ्या घरांतच, खरा सागर ओलांडून आलेल्या मुलास एकोणिसाव्या शतकांत प्रायश्चित्त घ्यावें लागे. आपण रूपक जपलें व गलबत टाकलें, असें माझें स्पष्ट मत आहे. म्हणूनच तें रूपक इतकें गुळगुळीत झालें.

मुलांस घेऊन अजिंठ्यास जाल तेव्हां पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीच्या दर्शनानेंच तृप्त होऊन परतूं नये. शेजारच्या लेण्यांत हें तारूं शोधावें, आणि मुलांस रांजण मोजावयास सांगावें.