आधी ताडपत्री काढा!

माझी १९९८ सालची जिप्सी साठच्या पुढे गेली की पुढची चाकं थरथरायची. त्यात एखादा खड्डा लागला, की स्टिअरिंग हातात नाचायचं आणि गाडी कडेला घेईपर्यंत जीव मुठीत. शहरातल्या एका झकपक गॅरेजनं दोन टायर बदलले, अलाइनमेंट केलं, स्टिअरिंगचा डॅम्पर नवा घातला. थरथर तशीच. शेवटी बिलासोबत सल्ला मिळाला, "सर, आता काढून टाका."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, एक हात वर, एक खाली धरून हलवलं. "टायर झ्याक हायत. किंगपिनला खेळ आलाय." किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ. बोल्ट खोलले, बेअरिंगं पुसून डोळ्यांजवळ धरली, ग्रीस भरलं आणि पिनखालची कागदासारखी पातळ पत्र्याची एक शिम काढून माझ्या तळहातावर ठेवली. मग वळायला किती जोर लागतो ते बघायला मासळीवाल्यांकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा दांड्याला अडकवून ओढला, मान हलवली आणि काटा माझ्याकडे दिला. "आता तुमी वडा. आकड्याकडं नका बघू, हाताला लागलं पायजे." येताना हायवेवर सत्तरला स्टिअरिंग गप्प होतं.

मिस्त्रींनी सत्तरी ओलांडली आहे. हाताखाली पोरगं नाही. मुलाचं मोबाइलचं दुकान आहे आणि ते बरं चाललंय. त्यांचं गॅरेज बंद झालं, तर या भागातल्या कितीतरी जुन्या फोर-बाय-फोर गाड्या शिमेएवढ्या दुखण्यानं भंगारात जातील. म्हणून हा लेख.

या गाड्या आपल्या आहेत, हे आधी लक्षात घेऊ. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रांनी मुंबईत, माझगावला विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली. उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी अमेरिकेत १९६८ साली थांबली. आपल्याकडे ती पुढेही वर्षानुवर्षं बनत राहिली. नंतर प्यूजोचं डिझेल इंजिन इगतपुरीत बनू लागलं आणि महिंद्रांच्याच एमएम-५४० जीपच्या पोटात बसलं. १९८५च्या डिसेंबरात मारुतीची जिप्सी आली, ९७० सीसीची, हलकी आणि काटक. फौजेनं आणि वनखात्यानं ती उचलली. ताडोब्याला गेलेल्या कुणालाही तिची मागची बाकं आठवतील. गावात 'जीप आली' म्हणजे वरून कुणीतरी आलं, हे ज्यांच्या लहानपणी खरं होतं, त्यांना आणखी सांगायला नको. तहसीलदार, साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी, निवडणुकीचा कर्णा, सगळं याच गाडीतून आलं.

या गाडीचं खरं सुख तिच्या उघडेपणात आहे. एरवी ती मागच्या दोन चाकांवर चालते. चिखल लागला की खाली उतरायचं, पुढच्या चाकांचे हब हातानं फिरवून लॉक करायचे, वर येऊन दुसरा दांडा ओढायचा. पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट आता एकमेकांना बांधले गेले. मधे डिफरन्शियल नाही, म्हणून कोरड्या डांबरावर या स्थितीत वळलात तर गिअर ताणले जातात आणि दांडा अडकून बसतो. चिखलात चाकं जरा घसरतात आणि ताण सुटतो. एकदा हे कळलं की गाडी बोलायला लागते. स्प्रिंगच्या पाट्यांची करकर, शाफ्टच्या क्रॉसचा टकटक आवाज, ऑइल सीलभोवतीचा ओला काळा डाग. निदानाला लॅपटॉप लागत नाही. कान, हात आणि बावीसचा पाना पुरतो. रविवारी चार जण एका बॉनेटवर वाकले की त्यात डॉक्टर कोण आणि दूधवाला कोण, हे ओळखू येत नाही. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत सारखेच काळे.

आता अडचणीचं बोलू. महाराष्ट्रात खासगी गाडी केवळ वयामुळे बाद होत नाही. १५ वर्षांनी पासिंग करून घ्यायचं, मग दर ५ वर्षांनी. पण चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाला २०२२च्या एप्रिलपर्यंत ६०० रुपये लागत, ते ५,००० झाले. २०२५च्या ऑगस्टमधल्या अधिसूचनेनं वीस वर्षांपुढच्या चारचाकीला १०,००० केले. वर पर्यावरण कर. दुसऱ्या टोकाला, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून वेगळा मान आहे. म्हणजे वीस ते पन्नास या तीस वर्षांत गाडीनं फक्त तग धरायचा. १९८६च्या जिप्सीला मान मिळायला २०३६ उजाडावं लागेल. तोवर ती उरेल का, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

जुनं डिझेल धूर ओकतं, हा आक्षेप खरा आहे आणि तो आपण हसण्यावारी नेता कामा नये. ज्या गाडीचा पंप आणि नोझल बिघडलेत, ती रस्त्यावर नकोच. आपलं मागणं एवढंच, की जन्मतारखेऐवजी प्रकृती तपासा. वीस ते पन्नास वर्षांच्या गाड्यांसाठी मधला एक वर्ग करा: वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा, कडक फिटनेस, धुराची कडक चाचणी आणि परवडेल अशी फी. या मागणीचं पत्र परिवहन आयुक्तांना एकट्यानं लिहिलं तर फाइलीत जाईल. तालुक्यातल्या प्रत्येक जुन्या जीपवाल्यानं सही केली, तर कुणीतरी वाचेल.

पण सरकारची वाट बघत बसायचं नाही. आपल्या हातातली कामं बरीच आहेत.

ज्यांच्या वाड्यात, गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली जीप उभी आहे, त्यांनी या रविवारी ताडपत्री काढावी. आरसी बुकावरची तारीख बघा. मुदत संपून गेली असेल तर दर महिन्याला दंड चढतोय. टाकीतलं कुजलेलं पेट्रोल काढा, प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा आणि इंजिन आधी हातानं फिरवून बघा. घाईनं स्टार्टर मारू नका. आणि 'पत्रा वजनावर जाईल' म्हणणाऱ्या भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी, ती चालवू शकेल असा एक माणूस शोधा.

ज्यांच्या गाड्या चालू आहेत, त्यांनी सुट्या भागांचा एकत्र साठा करावा. एका ऑइल सीलसाठी रबरवाला डाय करणार नाही. पन्नास सील मागा, करून देईल. बुश, शॅकल पिन हे तर लेथवाल्याचं रोजचं काम. बेअरिंगचे नंबर, शिमेची जाडी, सगळं वहीत उतरवा. मिस्त्रींच्या हातांचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, त्यांना विचारून. त्यांचं बिल घासाघीस न करता द्या. आणि आयटीआयचं एखादं पोरगं शनिवार-रविवार त्यांच्याकडे बसवा. त्याचा भत्ता आपण चौघांनी मिळून उचलला तर कुणाच्या खिशाला जाणवणारही नाही.

शेवटचं, थोडं कडू. कासच्या पठारावर, गडाच्या वाटेवर, वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांवरून गाडी घालणारा आपल्यातला नाही, हे आपणच मोठ्यानं म्हटलं पाहिजे. वाळूतल्या एका चाकोरीचा फोटो दहा वर्षांची मेहनत मातीत घालतो. खेळायचंच असेल तर मालकाला विचारून नांगरटीचं रान घ्या, पडीक खाण घ्या. चिखलाला कुठे तोटा आहे?

गेल्या महिन्यात जिप्सीचं दुसरं चाक उचललं, तेव्हा भाच्याला मुद्दाम सोबत नेलं. अकरावीतलं पोर, सकाळपासून मोबाइलमध्ये डोकं. मिस्त्रींनी काही न बोलता काटा त्याच्या हातात दिला. त्यानं ओढला, थांबला, परत ओढला.

"लागलं का हाताला?" मिस्त्रींनी विचारलं.

"एक शिम जास्त आहे," भाचा म्हणाला.

मिस्त्री पाना घ्यायला वळले.